उत्तरेश्वरची पिन

मी माणूस तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. बीडमध्ये शफी मिस्त्रीचं नाव काढलं की जुनी माणसं दोन गोष्टी सांगतात: याच्या अंगठ्याला डोळे आहेत आणि याच्या जिभेला हाड नाही. दोन्ही खरं आहे. गिअरबॉक्समधला कुठलाही तुकडा हातात आला की मी डोळे मिटून अंगठा फिरवायचो आणि सांगायचो, हा कुठल्या गाडीचा, कुठं बसतो, अजून किती चालेल. लोक पैजा लावायचे. आता पैज लावायलाही कोणी येत नाही. नव्या गाडीचा गिअरबॉक्स कोणी उघडत नाही, अख्खाच बदलतात. तरी मी रोज सकाळी नऊला गॅरेजचं शटर वर करतो, स्टुलावर बसतो आणि दुपारच्या नमाजाला शटर खाली ओढतो. अजमतबी, माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. मुलगा कलीम पुण्यात असतो. दर शुक्रवारी फोन करून जेवलात का विचारतो. मी जेवलो म्हणतो. त्यापुढं आम्हा दोघांनाही काही सुचत नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी गॅरेजसमोर स्कूटी थांबली. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी उतरली आणि शफीचाचा तुम्हीच का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाटीवर लिहिलंय. तिनं पर्समधून गाठ मारलेला रुमाल काढला. म्हणाली, एक लोखंडाचा तुकडा आहे, कशाचा आहे ते कळत नाही. तिनं त्याचे फोटो फोनवरच्या चार-पाच ग्रुपवर टाकले होते. एकानं ट्रॅक्टरचा सांगितला, एकानं बोअरच्या मोटारीचा, आणि एका शहाण्यानं तर शिवणयंत्राचा म्हणून छातीठोक सांगितलं होतं. या फोनवरच्या विद्वानांचा मला मनापासून राग आहे. लोखंड काय फोटोत कळतं का?

तिनं गाठ सोडली. बोटाच्या दोन पेरांएवढी, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक पिन. पुढं केलेला माझा हात तिथंच थांबला. ही पिन मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, बावीस वर्षांपूर्वी, तीन हातांवरून, याच गॅरेजमध्ये पोत्यावर पडलेली.

मी तिला तिच्या बापाचं नाव विचारलं.

"उत्तरेश्वर मिस्त्री. मी करिष्मा," ती म्हणाली. "पप्पा गेले श्रावणात. कळलं असंल तुमाला."

कळलं होतं. चहावाल्यानं कप ठेवता ठेवता सांगितलं होतं. मी कप तसाच ठेवून उठलो आणि त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथून दारातली माणसं दिसली, आणि मी परत फिरलो. आता कोणत्या तोंडाने जायचं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. खरं म्हणजे माझा राग अजून गेला नव्हता. मेलेल्या माणसावरही मी रागावलेलाच होतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते माझ्याकडं बघूनच म्हटलं असावं.

उत्तरेश्वर आणि मी एकवीस वर्षं या गॅरेजमध्ये एका पोत्यावर काम केलं. गिअरबॉक्स उघडला की आतलं सगळं माझं, म्हणजे गिअर, शाफ्ट, बेअरिंग. वरचं झाकण त्याचं. झाकणात तीन रॉड असतात, त्यांच्या जोरावर गिअर पुढं-मागं सरकतात. मी त्याच्या कामात बोट घालायचो नाही, तो माझ्या कामात घालायचा नाही. खंडेनवमीला तो पान्हे धुऊन पोत्यावर मांडायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडू ठेवायचा. बत्तासे मी आणायचो. नारळ फोडला की पहिला तुकडा तो माझ्या हातावर ठेवायचा. आणि आमच्या गॅरेजचा एक नियम होता, तो त्यानंच घातलेला. बदललेला जुना माल फडक्यात गाठ मारून मालकाच्या हवाली करायचा. मालकाला कळलं पाहिजे की खरंच बदललंय. गाठ शेवटी मी मारायचो.

पालीच्या सुंदररावांकडं एक काळी ऑस्टिन होती. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली, कित्येक वर्षं उभी. मुलाचं, विजयसिंहचं लग्न ठरलं तेव्हा सुंदररावांनी मनात घेतलं की नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोड्यावरून जाणार नाही, ऑस्टिनमधून जाणार. आमच्याकडं परण्या निघतो तसा, वाजतगाजत, सगळ्या गावासमोर. गाडी आमच्याकडं आली. आतला एक गिअर खल्लास झालेला होता. त्या गाडीचा नवा गिअर कुठून मिळणार? मी हैदराबादला गेलो, तीन दिवस जुन्या बाजारात भंगार उपसलं आणि एक गिअर शोधून आणला. अंगठा फिरवला, फर्स्टक्लास म्हटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी बॉक्स बंद केला. मी एवढा हरखलो होतो की जुन्या मालाची गाठ घाईघाईत मारली, ड्रायव्हरच्या हाती दिली आणि नव्या शेरवानीच्या मागं लागलो. कारण सुंदररावांनी मला परण्यात पुढच्या सीटवर बसायला सांगितलं होतं, फेटा बांधून.

पालीच्या वेशीपासून शंभर पावलांवर गाडीनं गचका खाल्ला आणि जागेवर थांबली. गिअरची दांडी हलेना, चाकं फिरेनात. पुढून ढकललं, मागून ढकललं. बँडवाले आधी वाजवत राहिले, मग तेही थांबले. शेवटी नवरदेवाला ट्रॅक्टरवर बसवून मारुतीला नेलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सुंदररावांनी फक्त माझ्या फेट्याकडं बघितलं.

अशी गाडी जागेवर आवळते ती बहुतेक वेळा एका कारणानं, दोन गिअर एकाच वेळी पडले तर. तसं होऊ नये म्हणून झाकणातल्या रॉडच्या मध्ये एक बारकी पिन असते. एक रॉड सरकला की ती पिन दुसऱ्याला जाम धरते. पिन बसवायची राहिली की दोन गिअर कधी तरी एकदम पडणारच. हे रस्त्यातच माझ्या डोक्यात आलं होतं. सुंदररावांची चार माणसं घेऊन मी तसाच जीपनं गॅरेजवर आलो, आणि बघतो तर पोत्याच्या कडेला पिन.

उत्तरेश्वर हात धूत होता. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो. पिन विसरलास, म्हटलं, माझी इज्जत घालवलीस, बावीस गावचा मेकॅनिक म्हणवतोस आणि पोत्यावरचा तुकडा दिसत नाही. आणखी बरंच बोललो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तो आवाज न चढवता म्हणाला, "पिन बसवली हाय. शफी, एकदा हातात घेऊन बघ बे."

"मला डोळे हायेत," मी म्हणालो.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग वाकून त्यानं ती पिन उचलली, खिशात टाकली, चपला घातल्या आणि गेला. उद्या येईल, असं मला वाटलं. तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी बोलवायला जाईन, असं त्याला वाटलं असावं. मीही गेलो नाही.

सुंदररावांनी गाडी गोठ्यामागच्या शेडमध्ये ढकलून ठेवली. अपशकुनी म्हणून तिला पुन्हा हात लावू दिला नाही, मलाही नाही. आणि निदान तर झालेलंच होतं, मग उघडून बघायची गरज कोणाला होती? चार माणसांच्या तोंडून गोष्ट चारशे जणांकडं गेली. उत्तरेश्वरला कोणी गिअरबॉक्स देईना. डोळे बांधून रॉड जुळवणारा माणूस, त्यानं बायपासला पंक्चरचं खोकं टाकलं. ते खोकं माझ्या मशिदीच्या वाटेवर होतं. मी वाट बदलली. अजमतबी शेवटपर्यंत म्हणत राहिली की एकदा त्याच्याकडं जाऊन या. मी तिच्यावरही ओरडायचो. मग ती गेली, आणि मला काही म्हणणारं घरात कोणी उरलं नाही. शटर उघडल्यापासून बंद करेपर्यंत मी एकच गोष्ट घट्ट धरून बसायचो, की त्या दिवशी मी बरोबर होतो. माझ्याजवळ तेवढंच राहिलं होतं.

हे सगळं करिष्माला माहीत नव्हतं. पिनेबद्दल तिला एवढंच माहीत होतं की दर खंडेनवमीला तिचा बाप पंक्चरच्या सामानाची पूजा मांडायचा, आणि सगळ्यांच्या वर ही पिन ठेवायचा. तिलाच पहिलं कुंकू. कशाची आहे विचारलं की हसायचा. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं माझं नाव सांगितलं.

"म्हणलते, शफीला नुसती दाखवू नको. त्याच्या हातात दे," ती म्हणाली. आणि तिनं पिन माझ्या तळहातावर ठेवली.

अंगठा आपोआप फिरला. एका टोकाला गोलाई होती. दुसरं टोक घासून सपाट झालेलं. कुशीला खोबण पडलेली, नखात अडकेल एवढी. ही पिन विसरलेली नव्हती. ही काढलेली होती. पन्नास वर्षं झिजून निकामी झालेली जुनी पिन, जी कोणताही मिस्त्री परत आत बसवणार नाही. मी हैदराबादला भंगार उपसत होतो तेव्हा उत्तरेश्वरनं लेथवर नवी करून घेतली असणार, आणि ही जुनी, नियमाप्रमाणे, जुन्या मालाच्या ढिगात टाकली असणार. फडक्याची गाठ माझी होती. सैल गाठ. त्यातून घरंगळून ती पोत्यावर पडली.

हे सगळं कळायला अंगठ्याला एक क्षण लागला. बावीस वर्षांपूर्वीही एकच क्षण लागला असता.

तरी मी तिला काही सांगितलं नाही. गाडी बघितल्याशिवाय नक्की बोलता येणार नाही म्हणालो. शहाणपणाचं वाटतं ना? पण मला अजूनही जिंकायचं होतं. जुनी पिन काढली हे खरं, पण नवी बसवायचं राहिलं असेल तर? तसं निघालं तर मी बरोबरच होतो. त्या आशेवर मी पान्ह्यांची गुंडाळी काखेत मारली आणि त्या पोरीच्या स्कूटीवर मागं बसलो. पाली येईपर्यंत ती तिच्या लॅबमधल्या कामाचं सांगत होती, रक्त तपासते म्हणाली. मी बिंदुसरा धरणाच्या पाण्याकडं बघत हूं हूं करत होतो.

सुंदरराव कधीच गेले होते. विजयसिंह आता पन्नाशीला आलेला, पोट सुटलेलं, राजकारणात मुरलेला. त्यानं चाचा चाचा करून बसवलं, चहा सांगितला. गाडी उघडून बघायचीय म्हटल्यावर त्याला नवल वाटलं, पण त्यानं दोन गडी लावून शेडमधला कडबा बाजूला करवला. ऑस्टिन तिथंच होती. चारी चाकं बसलेली, टपावर कोंबड्यांची घाण. मी आत शिरलो, पायाखालचा पत्रा काढला. झाकणाचे बोल्ट निघायला तासभर गेला. दोन बोल्ट तुटले. माझे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, एक-दोनदा पान्हा घसरून बोटं फुटली. करिष्मा दाराशी उभी राहून उजेड धरत होती.

झाकण उचलून मी मांडीवर घेतलं आणि रॉडच्या मध्ये तार घालून दाबलं. पिन बाहेर आली. दोन्ही टोकं गोल, अंगावर लेथच्या बारीक रेघा, तेलात राहिल्यानं अजून चकचकीत. त्याच्या हातची. जशी बसवली तशीच.

मग मी आत हात घातला. तेल काकवीसारखं झालं होतं. दोन गिअरच्या मध्ये काहीतरी रुतून बसलेलं बोटाला लागलं. ओढून काढलं तर तुटलेला दात. हैदराबादहून मी आणलेल्या गिअरचा. त्याला आतून चीर असणार, आणि आतली चीर अंगठ्याला लागत नाही. वरून गुळगुळीत होतं, म्हणून मी फर्स्टक्लास म्हटलं होतं.

मी त्या गाडीत, फाटलेल्या सीटवर बसून रडलो. मला कोणी बघतंय याची लाज वाटली नाही. अजमतबी गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. मला तो आत्ता, त्या क्षणी हवा होता. तो समोर असता तर मी त्याचे पाय धरले असते, आणि त्यानं मला लाथ मारली असती तरी चाललं असतं.

बाहेर येऊन मी विजयसिंहला सांगितलं. त्याच्यासमोर, दोन्ही गड्यांसमोर, चहा घेऊन आलेल्या बाईसमोर सांगितलं की लग्नात गाडी थांबली ती माझ्या गिअरमुळं, उत्तरेश्वरचं काम चोख होतं. मला वाटलं होतं, मोठं काहीतरी होईल. विजयसिंहनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चाचा, कोणाला आठवतंय आता ते," तो म्हणाला. "आमी तर त्या ट्रॅक्टरवरून अजून हसतो. तुमी कावून एवढं मनाला लावून घेता?"

तो चांगल्या मनानं बोलला. त्याच्यासाठी तो दिवस कधीच संपला होता. तो दिवस फक्त दोन माणसांनी जपून ठेवला होता, आणि त्यातला एक श्रावणात गेला.

"मला आठवतंय," करिष्मा म्हणाली. तिनं अजून मोबाइलचा उजेड बंद केला नव्हता. "आमच्या घराला लोक अजून विसऱ्याचं घर म्हणतेत. मी शाळेत होते तवा पोरं मला विसऱ्याची म्हणायची. मला वाटायचं, पप्पा खरंच काहीतरी विसरले असतील."

मी तिला म्हटलं की तुझा बाप काही विसरला नव्हता, चूक माझी होती, आणि मी ती त्याच्या नावावर घातली. हे मी तुमच्या गल्लीत येऊन, दारात उभा राहून सांगेन, ज्याला ऐकायचं असेल त्याला.

"मग पप्पांनी तवाच कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणालो. "हातात घेऊन बघ म्हणाला. मी घेतली न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

बीडमध्ये शिरलो तेव्हा दुपार कलली होती. तिनं मला गॅरेजसमोर सोडलं. मी शटर वर केलं. जुनी पिन आणि तो तुटलेला दात पालीहून निघतानाच तिनं एका रुमालात बांधून घेतला होता. मला वाटलं, ती माझ्या हातात देईल. मी हात पुढंही केला होता. तिनं रुमाल आतल्या पोत्यावर ठेवला, स्कूटी चालू केली आणि गेली.

मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. मग वाकलो आणि तो उचलून हातात घेतला.